धाकट्याचं नाव

आमोस थर्लोनं खांद्यावरची बंदूक कुंपणाला टेकवली आणि घरात न शिरता सरळ अंगणातली लाकडं फोडायला घेतली. सरहद्दीवरच्या किल्ल्यावर फ्रेंचांशी लढायला गेलेली गावची तुकडी वसंत ऋतूपर्यंत परतणार नव्हती. आमोसच्या पायाची बोटं बर्फानं काळी पडली, म्हणून त्याला एकट्यालाच सोडलं होतं. लंगडत लंगडत तो इथवर आला आणि स्वतःच्या उंबऱ्याशी अडला.

आवाज ऐकून शेजारची म्हातारी हल्डा बाहेर आली. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली, त्यामुळे ती कोणालाही काहीही बोलू शकत असे.

"आलास का रे? आणि आल्या आल्या कुऱ्हाड! मुलगा झालाय तुला, महिना होऊन गेला. आत जा की."

"केझिया?"

"वाचली, एवढंच म्हण. अंगात रक्त उरलेलं नाही. जप तिला. आत्ता मनाला धक्का बसला तर दूध आटेल आणि पोरही हातचं जाईल." मग तिनं त्याच्या मागे रस्त्याकडे पाहिलं. "जोथम कुठाय?"

"किल्ल्यावर," आमोस म्हणाला. "कॅप्टननं ठेवून घेतलंय."

खरं म्हणजे बापाबरोबर तुकडीत गेलेला थोरला मुलगा, सतरा वर्षांचा जोथम, ऑक्टोबरात तापानं गेला होता. आमोसनंच त्याला किल्ल्याजवळच्या तळ्याकाठी पुरलं होतं. वाटभर त्यानं हे केझियाला कसं सांगायचं याची शब्दन्‌शब्द उजळणी केली होती. ती सगळी अंगणातच राहिली.

घरात केझियानं त्याच्यापुढे मक्याची लापशी ठेवली.

"जोथम जेवतो का नीट?"

"जेवतो."

"पायमोजे पुरले?"

"पुरले. एक जोड तर अजून कोरा आहे."

एका खोट्याला दहा खोट्यांचे टेकू द्यावे लागतात. आमोस रात्रभर टेकू रचत पडला. पण दुसऱ्या दिवसापासून केझियानं जोथमची चौकशीच केली नाही, आणि त्याला हायसं वाटलं. बायको गप्प झाली की सगळं निभावलं असं समजणारा तो काही पहिला नवरा नव्हे.

आता प्रश्न होता बाळाच्या नावाचा. प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर उभं राहून बापानं नाव सांगायचं आणि पाळकांनी बाप्तिस्मा द्यायचा. बाप लढाईवर, म्हणून पोर इतके दिवस बिननावाचं राहिलं होतं आणि पाळक दोनदा घरी येऊन रागावून गेले होते.

"कॅलेब ठेवू," आमोस म्हणाला.

"कॅलेब?" हल्डा फिसकन हसली. "गावात गाईंपेक्षा कॅलेब जास्त झालेत!"

"राहू दे," केझिया बाळाकडे बघत म्हणाली. "त्याला जमेल ते नाव सांगू दे."

आमच्या गावात नाव वाया घालवत नाहीत. घरातलं मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देतात. केझिया स्वतः तिच्या माहेरातली दुसरी केझिया. पहिली घटसर्पानं गेली. जिवंत माणसाचं नाव मात्र त्याच्या भावंडाला कोणी देत नाही.

रविवारी प्रार्थनाघरात इतका गारठा होता की पाळकांना भांड्यातल्या पाण्यावरची बर्फाची साय बोटानं फोडावी लागली. आमोस बाळाला घेऊन पुढे उभा राहिला.

"या बाळाचं नाव काय?"

आमोसनं तोंड उघडलं. कॅलेब एवढंच म्हणायचं होतं. बाळ जागं होतं, त्याच्याकडे एकटक बघत होतं, आणि आमोसला ते म्हणता येईना. पाळकांनी पुन्हा विचारलं. बाकांवर कोणीतरी खोकलं.

बायकांच्या बाजूनं केझिया उठून उभी राहिली. प्रार्थनाघरात बाईनं बोलायचं नसतं.

"जोथम," ती म्हणाली.

हल्डानं तोंडावर हात दाबला. पाळकांनी आमोसकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली होती. मग त्यांनी काही न विचारता हात पाण्यात बुडवला.

बाळाला शालीत घेऊन केझिया त्याच्याबरोबर घराकडे निघाली.

"एवढ्या बर्फात पायमोज्यांचा जोड कोरा राहिला म्हणालास, तेव्हाच कळलं मला. तू सांगशील म्हणून वाट बघत होते," केझिया म्हणाली.

"तुझी तब्येत..."

"एकटा होता का?"

"नाही. माझ्या मांडीवर होता."

ती थांबली. कुंपणाला धरून बराच वेळ उभी राहिली. रडली, तेही आवाज न करता. मग डोळे पुसून तिनं शालीतलं बाळ त्याच्याकडे दिलं.

"घे," ती म्हणाली. "मला आता चालवत नाही. आणि जोथमला नीट झाक, गारठेल तो."