डाव्या बुटाची अकरा मंदिरं

जगातल्या समस्त प्राचीन मंदिरांचा खरा इतिहास लिहिण्याचा अधिकार या भूतलावर एकाच जमातीला आहे, आणि ती जमात म्हणजे आम्ही पादत्राणं. राजे आले, भाविक आले, पर्यटक आले. त्या सगळ्यांना दारापर्यंत आणलं कुणी? आम्ही! मी स्वतः उत्तर थायलंडमधली अकरा ऐतिहासिक मंदिरं केली आहेत. त्यांतली दहा मी पाहिलेली नाहीत.

मी एक जुना बूट आहे. मित्रांनो, नीट वाचा. बूट म्हटलंय, बुटांची जोडी म्हटलेलं नाही. मी डावा. उजव्याबद्दल पुढे येईलच. त्याच्याबद्दल सगळीकडे येतंच.

आम्हा दोघांचा जन्म एकाच दिवशी, एकाच कातड्यातून झाला. नाकात पोलादी वाटी बसवली, तळाला जाड रबर चिकटवलं आणि एका खोक्यात डोक्याशी पाय करून झोपवलं. अंगावर एक पातळ कागद होता. त्याचा मोठा भाग उजव्याकडे होता, हे मी तेव्हाच पाहून ठेवलं.

चाकणच्या एका कंपनीत आम्ही सेफ्टी शूज म्हणून रुजू झालो. आमचे मालक ज्ञानदेव तिथे प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे ठोकायच्या खात्यात होते. राहायला मोशीला, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. रोज मोटरसायकलवरून जाणं-येणं. आता मोटरसायकलचा गिअर कुठल्या पायाने टाकतात, ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. मोशी ते चाकण त्या ट्रकांच्या रांगांतून दिवसाला तीनशे वेळा गिअर बदलायचा, आणि प्रत्येक वेळी लोखंडी दांडी माझ्या नाकावर घासायची. उजव्याकडे ब्रेक. तो नुसता टेकून बसायचा. सहा महिन्यांत माझं नाक सोललं, त्याचं नाक मात्र कोरं करकरीत राहिलं.

एकदा शॉपमध्ये टेबलावरून सात किलोचा लोखंडी तुकडा घसरला आणि नेमका उजव्यावर पडला. ज्ञानदेवांची बोटं वाचली. झालं! सुरक्षा सप्ताहात उजव्याला हिरव्या कापडावर ठेवून साहेबांनी भाषण केलं, नोटीस बोर्डावर त्याचा फोटो लागला. फोटो काढताना मी शेजारीच होतो. फोटोत माझी फक्त लेस आली. मित्रांनो, तो तुकडा चार बोटं इकडे पडला असता तर? पण नाही. नशीबसुद्धा उजवीकडेच पडतं.

मग ज्ञानदेव निवृत्त झाले. त्यांच्या मुलीने, आम्रपालीने, आई-वडिलांना थायलंडच्या बुद्धदर्शन सहलीला पाठवायचं ठरवलं. सुखोथाई आणि लांपांग, जुनी राजधानी आणि जुनी लाकडी मंदिरं. तिने वडिलांसाठी निळे-पांढरे मऊ बूटही आणले. ज्ञानदेवांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि खोक्यात परत ठेवले.

"कंपनीचे बूट धडधाकट असताना हे कशाला?"

"अहो पप्पा, ते प्रेस शॉपचे आहेत. तिकडं काय डोक्यावर मंदिर पडणारेय का?"

"कुठं काय पडंल सांगता येतं व्हय?" ज्ञानदेव म्हणाले. प्रश्न मिटला.

पुण्याच्या विमानतळावर आमच्या पोलादी नाकांमुळे यंत्र बोंबललं आणि आम्हा दोघांना एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी बसवून तपासलं. माझ्या आयुष्यात आम्हा दोघांना सारखी वागणूक मिळाल्याचा तो पहिला प्रसंग.

आता ज्ञानदेवांची एक सवय सांगायला हवी, कारण माझी सगळी शोकांतिका तिथून निघते. पूर्वी एका लग्नात कार्यालयाच्या दारातून त्यांचे बूट चोरीला गेले होते. सकाळची पहिली शिफ्ट, मेव्हण्याच्या चपला घालून गेले, तर गेटवरच्या सिक्युरिटीने आत सोडलं नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत तेवढा एकच खाडा. तेव्हापासून परक्या दारात त्यांनी दोन बूट कधी एका जागी काढले नाहीत. चोर जोडी नेतो, सुटा बूट कोण नेणार? म्हणून वाटेतच कुठेतरी डावा काढून लपवायचा आणि एक पाय मोज्यात, एक बुटात, असं लंगडत दारापर्यंत जाऊन तिथे उजवा काढायचा. डावाच का? तर भिमाबाई, म्हणजे मालकीणबाई, एकदा म्हणाल्या होत्या, "त्यो डावा लपवायच्याच लायकीचा दिसतो."

थायलंडमध्ये मंदिराला 'वाट' म्हणतात. त्यावर आमच्या बसमध्ये जो विनोद झाला तो तुम्हाला सुचलाच असेल. तो बसमधल्या एकोणचाळीस जणांनाही सुचला आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे केला.

सुखोथाईला पहिलं मंदिर आलं. मी कचऱ्याच्या डब्यामागे. दुसरं आलं, मी सायकलींच्या स्टँडखाली. तिसऱ्याला एका झाडाच्या ढोलीत, मुंग्यांसोबत. प्रत्येक वेळी भिंतीपलीकडून लोकांचे "अबब!" ऐकू यायचे आणि मी समोरच्या मांजराकडे बघत बसायचो. रात्री हॉटेलात आम्हाला पलंगाखाली सरकवलं की मी विचारायचो, "कसं होतं रे?"

 उजवा म्हणायचा, "काय सांगू तुला! सातशे वर्षांपूर्वीची मूर्ती. भिंतीला चिंचोळी फट, आणि फटीतून बुद्ध आपल्याकडे बघतोय. काय ती शांतता! फोटोत मावत नाही. बोटं तर एकेक माणसाएवढी. फक्त चढून चढून गुडघे गेले बघ."

बुटाला गुडघे नसतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण पोटात जळत असलं की डोकं चालत नाही.

लांपांगला अजून टांगे चालतात. ज्ञानदेव आणि भिमाबाई टांग्यात बसले, तेव्हा दोघे जण प्रेमाने जवळ सरकले. मला त्याचंही काही वाटलं नाही, कारण मला एकच खंत होती, मी टांग्यात डावीकडे होतो आणि मंदिरं सगळी उजवीकडून जात होती. चौथं, पाचवं, असं करत दहा झाली. उजव्याच्या तोंडी नक्षीदार छपरं, सोन्याचे स्तूप, काचेच्या तुकड्यांचे खांब. माझ्याकडे: एक बादली, एक कुंडी, दोन कोंबड्या.

शेवटच्या दिवशी शेवटचं मंदिर उरलं, लांपांग लुआंगचं. टेकाडावर, लाकडी, या भागातलं सगळ्यांत देखणं. सहलीचा म्होरक्या धम्मरत्न, ताथवड्याचा तरतरीत पोरगा, बसमध्ये माइकवर सांगत होता, "काका-काकू, हे चुकवू नका. आत एक अंधारी खोली आहे. दाराच्या भोकातून उजेड येतो आणि बाहेरचा सोन्याचा स्तूप आत पांढऱ्या कापडावर उलटा दिसतो. लोक लांबून लांबून हेच बघायला येतात."

मी ठरवलं, एक तरी बघायचं. उलटं का होईना. अकरापैकी एक. दुसऱ्या दिवशी विमान होतं, आणि मोशीला गेल्यावर मला कोण लांपांगला आणतंय?

बस थांबली. पायऱ्यांच्या दोन्ही कठड्यांवर घडवलेले लांबलचक नाग पसरलेले. ज्ञानदेवांनी इकडेतिकडे पाहिलं, मला काढलं आणि पायथ्याच्या एका झुडपात कोंबलं. मग लंगडत वर गेले. मी नागाच्या शेपटीकडे बघत राहिलो. मित्रांनो, त्या दिवशी मला रडू आलं असतं, पण आमची गळती वेगळ्या कारणाने होते.

इतक्यात एक म्हातारी झाडू मारत आली. तिला झुडपात मी दिसलो. एकटा बूट! तिचा चेहरा कळवळला. तिला काय वाटलं असेल देव जाणे. बिचारा कोणी विसरभोळा पाहुणा एका बुटाने गावभर हिंडतोय असंच बहुधा. तिने झाडू टेकवला, पदरासारख्या फडक्याने माझं सोललेलं नाक पुसलं, मला लेसला धरून उचललं आणि पायऱ्या चढू लागली.

मी हेलकावे खात, खाली डोकं वर टाच, असा वर चाललो होतो. शेवटची पायरी आली, आणि मला तो दिसला. वाळूच्या अंगणात उभा, उन्हात पेटलेला, सोन्याचा स्तूप. कळस खाली, पाया वर, आणि पायाच्याही वर वाळू. मी असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. गिअरची दांडी, चाकणचे ट्रक, हिरवं कापड, सगळं क्षणभर विसरलो. उजव्यालासुद्धा.

म्हातारीने बुटांच्या घडवंचीवर एकेक जोडी न्याहाळली. तळाच्या फळीवर उजवा सापडला. तिने मला त्याच्या शेजारी नीट टेकवलं, दोघांच्या टाचा जुळवल्या आणि समाधानाने हसली.

मी पहिल्यांदाच उजव्याच्या जागेवरून बाहेर पाहिलं. समोर एक फळी होती. फळीपुढे चपलांचा ढीग. ढिगापुढे घडवंचीचाच पाय. मंदिर पाठीमागे.

"अरे, इथून तर काहीच दिसत नाही," मी म्हणालो.

उजव्याने आपली जीभ लेसखाली ओढून घेतली.

"मग ती फट? ती बोटं? काचेचे खांब?"

"लोक चपला घालताना बोलतात," तो पुटपुटला. "मी ऐकून ऐकून... तुला रोज मांजर, कोंबड्या, घोडा, मोकळं आभाळ. मला दहा दिवस पन्नास जणांच्या चपलांचा वास. मीपण काहीतरी पाहिलंय असं सांगावंसं वाटलं रे."

मला त्याची कणव यायला हवी होती. आलीच असती, पण तेवढ्यात गडबड सुरू झाली.

झालं होतं असं, हे मला नंतरच्या बोलण्यातून कळलं: अंधाऱ्या खोलीच्या दारात पाटी होती, स्त्रियांना प्रवेश नाही. ज्ञानदेव पुरुषांच्या रांगेतून आत गेले होते आणि भिमाबाई अंगणात ओट्यावर बसून राहिल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. म्हातारीने मला आणलेलं, पुसलेलं, जोडीला लावलेलं, सगळं त्यांनी पाहिलं होतं. म्हातारी त्यांच्याशेजारी येऊन बसली. भिमाबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघी सारख्या बोलत होत्या.

ज्ञानदेव बाहेर आले ते थेट घडवंचीवरून पुढे गेले. उजवा सगळ्यांसमोर असतो, त्याला काय होतंय? जीव लपवलेल्यात. मोज्यांवरच पायऱ्या उतरले. झुडूप हलवलं. आणि खालून आवाज आला, "गेला! आरं बूट गेला!"

धम्मरत्न पळत गेला. "काका, काय झालं? एकच गेला?"

"एकच नेला. लई हुशार चोर हाय."

"एका बुटाचं तो काय करणार, काका?"

 ज्ञानदेवांची नजर वर घडवंचीकडे गेली. "आता दुसऱ्याच्या मागं आसंल! उजवा! उजवा वाचवा!"

आणि ज्ञानदेव मोज्यांवर पायऱ्या चढून धावले, मागे धम्मरत्न, मागे सबंध बस. वर येऊन बघतात तर घडवंचीच्या तळाला आम्ही दोघे शेजारी-शेजारी, टाचा जुळवून. म्हातारीने उठून हात जोडले.

"तुला दिसत हुतं ना सगळं?" ज्ञानदेव धापा टाकत भिमाबाईंना म्हणाले. "मग हाक न्हाई मारायची?"

"कशाला मारू?" भिमाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी आत जाऊन बघून आले. मला बाहेर बसवलं. म्हनलं, बाहेरच्याला कसं वाटतं त्ये जरा तुमालाबी कळू द्या. अन् ती बाई बघा. तिनं पुसून, हुडकून जोडी लावून दिली, अन् तुमी तिच्या दारात चोर चोर वरडताय."

 ज्ञानदेवांनी म्हातारीपुढे वाकून दोन्ही हात जोडले. "चुकलं, माय," म्हणाले. तिला वाटलं आभार मानतायत. तिने खाली बसून माझी सुटलेली लेस बांधून दिली.

उतरताना भिमाबाई हळूच म्हणाल्या, "आत काय हुतं, सांगा तरी."

"स्तूप दिसतो गं पडद्यावर. पर उलटा. कळस खाली, पाया वर. सोन्यासारखा. आसं कधीच बघितलं न्हाई."

मित्रांनो, मी त्यांच्याच पायात होतो. मी कान टवकारले. रांग लावून, अंधारात उभं राहून लोक जे बघायला येतात, तेच मी भर उन्हात, लेसला लटकून पाहिलं होतं! तेही खरं सोनं. त्यांचं कापडावरचं.

त्या रात्री पलंगाखाली उजव्याने हळूच विचारलं, "तुला खरंच दिसला का रे स्तूप?"  मी म्हणालो, "काय सांगू तुला!" आणि पहाटेपर्यंत सांगत राहिलो. त्याला जळताना पाहून मला अशी शांत झोप लागली, जी बुटाला कधी लागत नाही.

आता मोशीला ज्ञानदेव रोज सकाळी ते निळे-पांढरे मऊ बूट घालून फिरायला जातात. आम्ही दाराशेजारच्या कपाटात असतो. बाहेर कुठे गेले तरी ते आता जोडी एकाच जागी काढतात, टाचा जुळवून, असं ऐकतो. तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. ज्यांनी तुम्हाला दारापर्यंत आणलं त्यांना ओरबाडून फेकू नका, त्यांची ताटातूट करू नका. दारात बसलेल्यांना आतलं काय ते येऊन सांगा. आणि मत्सर करू नका. मत्सराने कातडं आक्रसतं, शिवण उसवते, हे मी अनुभवाने सांगतो.

फक्त एक करा. कधी आमच्याकडे आलात, तर मी स्तूप उलटा पाहिला, हे उजव्यासमोर काढू नका. त्याला मी सरळ सांगितलाय.