सागाचा डोळा

कुरुळीत सकाळचे ऊन उतरते ते आधी कारखान्यांच्या पत्र्यांवर बसते. मग ट्रकांनी उडवलेल्या धुळीतून गाळले जात, कोमट होत, बाभळीच्या शेंड्यावरून सावकाश खाली येते. त्या दिवशीही ते तसेच आले आणि मंजुळाबाईंच्या नव्या घराच्या, अजून गजही न बसलेल्या खिडकीतून आत शिरले. त्याला कसलीच घाई नव्हती. चौकटीच्या पट्टीवर ते रेंगाळले, लाकडाच्या एकेका रेषेवरून बोट फिरवावे तसे फिरले आणि एका काळ्या ठिपक्यापाशी येऊन थांबले.

पॉलिश करणाऱ्या ज्ञानेशने नजर काढून घेतली. नखांत वॉर्निशचा चिकटा, घशात थिनरची कडवट चव. तो ठिपका खिळ्याचा होता. चाकणच्या कंपन्यांत यंत्रे पाइनच्या ज्या खोक्यांतून येतात, ती फोडून कंत्राटदार कुलदीपने या पट्ट्या काढल्या होत्या. खोकी फुटताना ज्ञानेशने पाहिली होती. भोके भुसा आणि फेविकॉलने बुजली, वर सागाचा रंग चढला. उरला होता शेवटचा, पारदर्शक वॉर्निशचा हात. तो ज्ञानेशचा. पारदर्शक वॉर्निश काही लपवत नाही, असे तो स्वतःला रोज बजावत असे.

ब्रश फिरताच गंजाचे कडे आणखी गडद होऊन वर आले. त्यावर एक माशी चिकटली आणि तडफडू लागली. 

"काढ की तिला, भावा," दारात तंबाखू मळत कुलदीप हसला. "माशीलाबी आपलं काम पसंत पडलं, राव!"

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात साचलेली पिवळी लाळ पाहून ज्ञानेशच्या अंगावर काटा आला. आज मंजुळाबाईंना खरे सांगून टाकायचे, असे ठरवूनच तो घरून निघाला होता. म्हातारीचा जन्म पत्र्याच्या झडपांआड गेला होता. नव्या घरात तिने लेकाकडे एकच गोष्ट मागितली होती, सागाच्या खिडक्या.

मंजुळाबाई चहा घेऊन आल्या. वाकून त्यांनी ठिपका न्याहाळला.

"ह्यो गाठीचा डोळा बघितला का? कसा काळाभोर! साग त्यो सागच."

"मावशी, लाकूड एक नंबर हाय," कुलदीप म्हणाला.

"तुला कोन इचारतंय? तुजं त्वांड कायम भरल्यालं! लेक म्हनत हुता, ॲल्युमिनियम लाव. मी ह्या पालिशवाल्या पोराच्या भरवशावर न्हाई म्हनले."

ज्ञानेशने तोंड उघडले. "आजी, ते लाकूड..."

"आदी च्या घे, निवतोय."

त्याने कप घेतला. चहाला थिनरचा वास येत होता. तो प्यायला, आणि कुलदीपच्या त्या तोंडाकडे किळसेने पाहत राहिला.

त्या तोंडाने म्हातारीपुढे साग हा शब्द कधी काढलाच नव्हता. पहिल्या दिवशी "साग हाय नव्हं?" असे तिने विचारले, तेव्हा होकाराची मान हलवली होती ती ज्ञानेशने.