दुमडलेला आठवडा

केबिनमधल्या फळ्यावर कागदी पट्ट्या टाचलेल्या होत्या. एक बोट म्हणजे एक दिवस. हिरवी पट्टी थोडी लांबली तरी चालायचं. लाल लांबली की शाळेचं अख्खं बांधकामच लांबायचं. मांडणी मॅनेजरबाईंची, आणि नियमही त्यांचाच : सकाळी कोणी कोणाला विचारत बसायचं नाही, फळा सांगेल ते करायचं.

त्या दिवशी बाईंनी पर्स टेबलावर ठेवली, फळ्याकडे पाहिलं आणि लाल पट्टी बोटांनी मोजली. स्लॅब पक्का व्हायची लाल पट्टी एकवीस बोटांची. दिसत होती चौदाच. उरलेली सात मागे दुमडलेली.

दुमडली होती त्यांनीच. काल मोठे साहेब म्हणाले, "आठवडा वाचला तर कुठे पोचतो, बघू तरी." म्हणून नुसतं बघायला. तेवढ्यात फोन वाजला आणि पट्टी राहिली तशीच. आता फळ्याप्रमाणे स्लॅबखालचे टेकू आजच काढायचे होते.

बाहेरून हातोड्याचा आवाज आला. ठक्. ठक्.

मुकादम म्हणजे बाईंचा धाकटा दीर. सातच्या ठोक्याला फळा वाचणारा. त्याला फोन लावला, तर स्लॅबखाली रेंज कुठली? बाई धावत सुटल्या. एक चप्पल खडीतच राहिली.

"थांबा! हातोडे खाली ठेवा!"

"का हो मॅडम?" दीर हसला. "नऊच निघालेत. जेवणाआधी सगळे उरकतो."

"स्लॅब कच्चा आहे रे. पट्टी मी दुमडली होती."

त्याने मान वर केली. वरून बारीक वाळू झरली. हसू कुठल्या कुठे गेलं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला. कामावर तो त्यांना कधीच वहिनी म्हणत नसे. "काढलेले नऊ आधी लावून घेऊ का?"

कशाच्या आधी काय, एवढीच तर बाईंची विद्या. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली. वर स्लॅब, खाली अकरा माणसं, आणि घरी जाऊबाईला सातवा महिना.

"आधी माणसं बाहेर," त्या म्हणाल्या. "मग इंजिनियर. टेकूंचं तो सांगेल."

"आणि तोवर पडला तर?"

"पडू दे रिकाम्यावर. चल!"

बाहेर येऊन मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच. बाई परत आत जायला वळल्या. मग बुटका सुतार आतून रमतगमत आला, काखेत डबा.

"डब्यासाठी मरतोस काय रे?" दीर ओरडला.

"बायकोनं केलाय. सोडून आलो असतो तरी मेलोच असतो."

हसलं मात्र कोणी नाही.

दुपारी इंजिनियरला केसाएवढी चीर सापडली. त्याने कडेकडून, दोन-दोन माणसं आत पाठवून टेकू परत लावून घेतले. तेवढा वेळ बाई उन्हात उभ्या होत्या, श्वास मोजत.

संध्याकाळी त्यांनी साहेबांना फोनवर सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. मग पट्टी उलगडली. चिरेच्या दुरुस्तीचे आणखी पाच दिवस जोडल्यावर पुढच्या पट्ट्यांची रांग फळा ओलांडून थेट खिडकीच्या चौकटीवर गेली. टाचणी तीनदा हातातून पडली.

दिराने पट्टीचं टोक धरून ठेवलं होतं. "द्या इकडे, वहिनी. स्लॅबखालून वाचलो, आता तुम्ही बोट टोचाल माझं."

बाईंनी टाचणी दिली. मग स्लॅबची पट्टी पुन्हा बोटांनी मोजली : एकवीस.