काक्षीकडे टक लावू नये

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. माझी एक दांडी दोऱ्याने बांधलेली आहे आणि डाव्या काचेचा कडेला टवका उडाला आहे. मी खोटं दाखवलं का, या एका प्रश्नापायी एका घरात तीन दिवस कुणाला घास गोड लागला नव्हता. त्याची ही हकिकत.

माझे मालक छापखान्यात मुद्रितं तपासत. जवळचं त्यांना उघड्या डोळ्यांनी लख्ख दिसे, म्हणून दिवसभर मी टेबलावर शाईच्या बाटलीशेजारी पडून असे. औषधाच्या खोक्यावरची सूचनासुद्धा पेन्सिलीने दुरुस्त केल्याशिवाय हा माणूस गोळी गिळत नसे. माझी पाळी दिवेलागणीनंतर येई. गच्चीवर जाऊन ते मला शर्टाच्या टोकाने पुसत, नाकावर चढवत आणि काक्षी नावाच्या ताऱ्याकडे बघत.

काक्षी तुम्हीही पाहिला असेल. मृग नक्षत्रातला तो तांबूस तारा दुर्बिणीवाचून दिसतो. तो इतका अवाढव्य आहे की सूर्याच्या जागी आणून ठेवला, तर आपली पृथ्वी त्याच्या पोटात गडप होईल. त्याचा पृष्ठभाग मात्र सूर्यापेक्षा थंड, म्हणून रंग लालसर. आता तो म्हातारा झाला आहे. फुगतो, आकसतो, आणि त्याचं तेज कमीजास्त होतं. मालक ते तेज प्रश्वा या पांढुरक्या ताऱ्याशी ताडून पाहत आणि काक्षी किती दशांशांनी मंद आहे, तो आकडा वहीत लिहीत. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. महिनाअखेरीला आकडे आकाशनिरीक्षकांच्या मंडळाकडे जात.

त्यांचे नियम दोनच. आदला आकडा आधी बघायचा नाही. आणि लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही, कारण तो जितका वेळ बघाल तितका उजळ भासतो. एकदा बघायचं, नजर काढायची.

मग एके दिवशी मंडळाच्या चिटणीसांचं पत्र आलं. भाषा अदबीची होती. तीन महिन्यांपासून काक्षी मंदावतो आहे, अकरा जणांना तसं दिसतं. आपले आकडे तोवर सर्वांशी जुळत होते, आता जुळत नाहीत. कृपया खात्री करावी. मालकांनी पत्र दोनदा वाचलं, त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला, आणि घडी घालून ते वहीत ठेवलं.

पहिला संशय अर्थातच माझ्यावर आला. चष्मेवाल्याने मला उलटसुलट करून पाहिलं, मग मालकांच्या डोळ्यांत उजेड टाकला.

"काका, याला कशाला बोल लावता? काचेमागे बघा. मोतीबिंदू आहे."

पिवळट पडद्यातून पांढरा प्रश्वा मंद दिसणार आणि लाल काक्षी होता तेवढाच, म्हणजे दोघांतला फरक कमीच भरणार, हे मालकांना कुणी समजावायला नको होतं. पण आशा चिवट असते. अकरा जण एकमेकांच्या वह्यांत डोकावत असतील, असं ते घरी येऊन मुलीला म्हणाले. लहानपणापासून मंडळाची पाकिटं तीच पोस्टात टाकत आली होती.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी तिला गच्चीवर नेलं. आकडा तिने सांगायचा, वही बंद. मी त्यांच्या नाकावर होतो. त्यांचा श्वास माझ्या काचांवर धुकं धरत होता. तिने वर पाहिलं. पाहतच राहिली.

"दोन," ती म्हणाली. वहीत कालही दोनच होता.

मालक हसले नाहीत. "किती वेळ पाहिलंस?"

"थोडाच, बाबा."

"चाळीसपर्यंत मोजलं मी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्याकडे बघून ताऱ्याचा आकडा सांगू नकोस, पोरी. पुन्हा बघ."

तिने कठड्यावर हात टेकले, डोळे मिटून घेतले, मग एकदाच वर पाहिलं आणि मान फिरवली.

"सात."

मालकांनी मला उतरवलं. वही डोळ्यांजवळ धरून, मुद्रितांवर खूण करायच्या लाल पेन्सिलीने त्यांनी तीन महिन्यांमागच्या आकड्याखाली आडवी रेघ ओढली आणि समासात लिहिलं: येथून पुढे निरीक्षकाचा डोळा सदोष. वरचे कायम. मग पेन्सिल तिच्या हातात दिली. "सात तूच लिही. आणि साताचं वळण नीट काढ, नाहीतर चिटणीस एक वाचतील."

पुढे शस्त्रक्रिया झाली आणि मालकांना माझी गरज उरली नाही. मी खणात गेलो. त्यांना लांबचं लख्ख दिसू लागलं, तरी आकडा लेकीनेच लिहायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते नुसते शेजारी उभे राहून मोजत.

गेल्या पावसाळ्यात मालक गेले. आकाश मोकळं झालं तेव्हा तिने मला खणातून काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं. माझा नंबर तिच्या डोळ्यांना चालत नाही. वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून ती मला वहीवर ठेवते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या चष्म्याला कोरड्या बोटाने पुसू नका, चरे पडतात. आणि ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याच्यासाठी कुठल्याही ताऱ्याकडे टक लावू नका. काल ती गच्चीवर आली, एकदा वर पाहिलं आणि मान फिरवली. मग मोजणारं कुणीतरी अजून बाजूला असावं, तशी क्षणभर थांबली, आणि तिने आकडा लिहिला.