सहस्रबुद्ध्यांच्या हातची भवानी

नवीन पनवेलातल्या आपल्याच फ्लॅटमध्ये कृष्णकांत सहस्रबुद्ध्यांना कुणी कशाला हात लावू देत नसे. कुणी म्हणजे त्यांची बायको अरुंधती. घरात तिसरं माणूस नव्हतंच. कृष्णकांतांनी विरजण लावलं की सकाळी दूध जसंच्या तसं. त्यांनी बल्ब बदलला की अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडे. एकदा लोणच्याच्या बरणीत त्यांनी नुसता चमचा घातला, तर आठ दिवसांत वर पांढरी बुरशी. तेव्हापासून "तुमच्या हाताला यश नाही हो," हे वाक्य त्या घरात 'चहा झाला' म्हणावं इतक्या सहज बोललं जायचं. चौदा वर्षं ऐकून कृष्णकांतांना ते पटलंही होतं. पण पटलं म्हणून लागायचं थांबत नाही.

आता, हात बांधलेला माणूस निदान तोंड तरी चालवणारच. कृष्णकांत प्रश्न विचारत. कल्हईवाल्याला विचारत, एका पातेल्याला नवसागर किती लागतो? पोस्टातल्या बाईंना विचारत, हा डिंक तुम्ही घरी खळ करून आणता की सरकार पाठवतं? घ्यायचं काही नसलं तरी भाव विचारून ठेवावा, माहिती असलेली बरी, असं त्यांचं तत्त्व होतं. त्या माहितीचा आजवर कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता, त्यांना तर नाहीच.

ह्या तत्त्वापायीच ते एक्याण्णव सालच्या नोव्हेंबरात गोत्यात आले. त्यांचं ऑफिस जुन्या पनवेलात, टपाल नाक्याजवळ. सकाळी पावणेनऊला तिथल्या कोपऱ्यावर गुणाबाई कोळीण नुकतीच टोपली उतरवून बसली होती. सहस्रबुद्ध्यांच्या सात पिढ्यांत कुणी मासळीला शिवलं नव्हतं, पण विचारायला काय जातंय! ते वाकले.

"काय हो, हे डोळे उघडे ठेवूनच झोपतात का?"

"मेल्यावर कोन झोपतंय?" गुणाबाई म्हणाली.

"बरं, आणि हा वाटा केवढ्याला?"

झालं. गुणाबाईने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. "साहेब, पयलं गिऱ्हाईक हाय तुमी. भाव इचारलात, आता भवानी करून जावा."

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि भाव विचारून पहिलं गिऱ्हाईक कोरडं गेलं की दिवस नासला, हे बाजारात शेंबडं पोरही सांगेल. नवसागराचं प्रमाण ठाऊक असलेल्या कृष्णकांतांना मात्र हे ठाऊक नव्हतं. त्यांनी आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं. गोत्रही सांगितलं. मग दोन रुपये काढून म्हणाले, "हे ठेवा, मासे नकोत." त्यावर गुणाबाई अशी काही कडाडली की समोरचा केळीवाला उठून उभा राहिला.

"मी काय भीक मागतंय? मासली घ्या नि पैशे द्या!"

शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन मांदेली घेऊन सहस्रबुद्धे ऑफिसात शिरले. सोन्याच्या अंगठीसारखी चिमुकली मासळी, पण हातात धरवेना. शिपाई तुळशीराम मात्र नाकानेच ओळखून पुढे आला. पुडकं त्याच्याकडे गेलं आणि कृष्णकांतांनी साबणाची अर्धी वडी हात धुण्यात संपवली. त्यांना वाटलं, प्रकरण मिटलं.

मिटतंय कसलं! दुसऱ्या दिवशी गुणाबाई वाटच पाहत होती. "साहेब, काल तुमचा हात लागला नि साडेनऊला टोपली खाली! या, भवानी करा." कृष्णकांत चपापले. त्यांच्या हाताबद्दल इतकं बरं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने मांदेली घेतली. तिसऱ्या दिवशीही घेतली. चौथ्या दिवशी गुरुवार, म्हणून ते मागच्या गल्लीने गेले, तर सव्वानऊला गुणाबाई भरल्या टोपलीसकट जिना चढून थेट त्यांच्या टेबलाशी. "भवानी अडली हाय!" सगळ्या ऑफिसने टंकलेखन थांबवलं. मोठ्या साहेबांनी केबिनचं दार किलकिलं करून पुन्हा लावून घेतलं. त्यानंतर कृष्णकांतांनी गल्ली बदलली नाही.

खरं सांगायचं तर त्यांना बदलायचीही नव्हती. सकाळच्या त्या दोन मिनिटांसाठी ते आता केसांना तेल लावून जात. घरी मात्र ह्यातलं अवाक्षर नाही. अरुंधतीला कळलं तर ती आपल्याला घराबाहेर नाही, पण स्वयंपाकघराबाहेर नक्की काढील, ह्या धास्तीने त्यांची झोप उडायची.

पंधरा दिवस बरे गेले आणि तुळशीराम मेहुणीच्या लग्नाला चिरनेरला गेला. आता मांदेलीचं करायचं काय? कृष्णकांतांनी ती जेवणाच्या रिकाम्या डब्यात घातली. संध्याकाळी स्टेशनजवळच्या मांजरांना घालू, असा बेत. पण नेमकी त्या दिवशी एकही मांजर आडवी येईना. ते घरी पोचले, चहा घेताना त्यांच्यातला जिज्ञासू जागा झाला आणि त्यांनी विचारलं, "अगं, मांजरं मासे कच्चेच खातात का गं?"

"मला काय माहीत?" असं म्हणत अरुंधतीने घासायला टाकायचा म्हणून डबा उघडला.

पुढचं सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. दोन मजले खालच्या विनिताताई केस विंचरता विंचरता फणी घेऊनच धावत आल्या, एवढ्यावरून अंदाज करावा. त्यांची समजूत घालून पाठवल्यावर कृष्णकांतांनी सगळं खरं सांगितलं. अरुंधतीचा एका अक्षरावर विश्वास बसला नाही.

"तुमच्या हाताने टोपली खपते? तुमच्या?" ती म्हणाली. "उद्या येते मी. बघते त्या बाईला. भोळा माणूस बघून रोज गळ्यात मासे मारतेय!"

दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती टपाल नाक्यावर हजर. कृष्णकांत दोन पावलं मागे, तोंड एवढंसं झालेलं. आता गुणाबाईदेखत ते चौदा वर्षांचं वाक्य बोललं जाणार आणि जगात आपला हात नावाजणारी एकुलती एक जागाही जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"काय हो बाई," अरुंधतीने सुरुवात केली, "ह्यांच्या हातात असं काय मोठं लागून गेलंय?"

गुणाबाईने कपाळावर हात मारला. "वयनी, पंधरा वर्सं बसते हितं. दोन-दोन वाजेतो बरफाचा पानी व्हायचा, तरी मासली उरायची. ह्या साहेबांचा हात लागल्यापासून दहाच्या आत घरी. पंधरा वर्सांत पयल्यांदा गरम भात खाते दुपारी. असा गुनाचा हात उभ्या पनवेलात नाय!"

"कुणाचा?"

"साहेबांचा."

"ह्यांचा?"

"मंग काय त्या केलीवाल्याचा?"

अरुंधतीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. डोक्यापासून खाली बघत बघत ती हातापाशी थांबली. लग्नात मेंदी बघायला आलेल्या बायका बघतात, तशी तिने तो हात उलटासुलटा करून पाहिला. कृष्णकांतांना भर रस्त्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तरी तिने तो सोडू नये असंही वाटलं.

"सगळी टोपली खपते?" तिने विचारलं.

"एक कोलंबी मागं ऱ्हात नाय."

"मग दोनच मांदेली कसली देता? एवढ्या हाताला?" अरुंधतीचा आवाज चढला. "वाटा मोठा करा. आम्ही खात नसलो म्हणून काय झालं?"

दोघींची घासाघीस जुंपली. सहा मांदेली पदरात पडल्यावरच अरुंधती थांबली. कृष्णकांतांनी मांदेली हातात घेऊन पैसे दिले, गुणाबाईने ते कपाळाला लावले आणि ती म्हणाली, "वयनी, साहेबांना रविवारी पन धाडा. रविवारी लई गिऱ्हाईक असतंय."

कृष्णकांत होकार द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात अरुंधतीने त्यांचा तो मासळीने माखलेला हात आपल्या हातात घट्ट धरला.

"रविवारी नाही जमायचं," ती म्हणाली. "रविवारी हा हात मला घरी लागतो."