गाणं संपेपर्यंत

मिस्त्रींनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट कितीही बिघडलेली असो, ते आधी हत्यारांची पिशवी खाली ठेवत, दार लावून घेत आणि डोळे मिटून एकदा वर, एकदा खाली जाऊन येत. मग सांगत, "तिसऱ्या मजल्याच्या वर बेअरिंग रडतंय." बहुतेक वेळा दोष तिथेच सापडायचा. कंपनीतले इंजिनियर पाठीमागे त्यांची टिंगल करायचे आणि अडलं की त्यांनाच फोन लावायचे.

असा कान असलेला माणूस घरी मात्र एका म्हाताऱ्या टेपरेकॉर्डरवर गाणी ऐकायचा. त्याचा एक स्पीकर कधीच मुका झाला होता. निवृत्त झालो की टॉवर स्पीकर घ्यायचे, हे मिस्त्रींनी लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच ठरवून टाकलं होतं. मधे लेकीचं शिक्षण आलं, घर आलं, आईचं आजारपण आलं. स्पीकर दरवेळी रांगेत मागे जाऊन उभे राहिले.

त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. शाळेत आणि इमारतीतही सगळे त्यांना 'बाई' म्हणत. बाईंना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्या ते लपवतही नसत. गाणं म्हणजे भाजी चिरताना मागे काहीतरी चालू असावं, तेवढंच. तरी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच शनिवारी मिस्त्री दुकानात निघाले तेव्हा त्या सोबत गेल्या. नवऱ्याच्या तोंडावर इतकी लहान मुलासारखी घाई त्यांनी कधी पाहिली नव्हती.

दुकानाच्या मागे गालिचे टाकलेली, बिनखिडकीची एक खोली होती. तिथे छातीपर्यंत येणारे स्पीकर जोडीजोडीने उभे होते. दुकानदाराने सगळ्यात चकचकीत जोडी लावली. आवाज असा लख्ख, की बाई दचकल्याच.

"ह्याच्यात तुम्हाला गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येईल," दुकानदार म्हणाला.

"श्वास ऐकायला मी काय डॉक्टर आहे?" मिस्त्री म्हणाले. "दुसरी लावा."

तीन शनिवार असे गेले. मिस्त्री खास विकत घेतलेल्या तीन सीडी घेऊन जात आणि प्रत्येक जोडीवर तीच तीन गाणी ऐकत. दुकानदाराने आधी चहा विचारणं बंद केलं, मग घड्याळ बघणं सुरू केलं. शेवटी दोन जोड्या उरल्या. मिस्त्री अचानक बाईंकडे वळले. "तुला कुठली आवडली?"

"मला काय विचारता? मला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच विचारतोय."

बाईंनी थोडा विचार केला. "पहिलीत ती गाऊन दाखवतेय. दुसरीत ती नुसती गातेय."

मिस्त्रींनी सीडी परत पिशवीत टाकल्या. मग दुकानदाराला म्हणाले, "दुसरी. बांधा."

सीडी प्लेअर आणि अॅम्प्लिफायरसकट स्पीकर घरी आले आणि हॉलचा नकाशाच बदलला. शोकेस आतल्या खोलीत गेलं, सोफा मागे सरकला. भिंतीला चिकटवले तर खालचा, खर्जाचा आवाज नुसता घुमतो, म्हणून मिस्त्रींनी ते दोन फूट पुढे ओढले, मग दोन बोटं मागे, मग एक बोट पुढे. शेवटी पायांभोवती पेन्सिलने फरशीवर खुणा केल्या. कामवाल्या मावशींनी पुसताना डावा स्पीकर जरासा ढकलला, तर स्वयंपाकघरात पाणी पिणारे मिस्त्री तिथूनच ओरडले, "कुणी हलवला?"

पहिल्या संध्याकाळी बाई सोफ्यावर बसल्या त्या नवऱ्याचं मन राखायला. गाणं सुरू झालं, आणि आवाज त्या दोन काळ्या खांबांतून न येता मधल्या मोकळ्या जागेतून यायला लागला. कुणीतरी तिथे मांडी घालून बसलं होतं. बाई उठल्या आणि त्या रिकाम्या जागेत हात फिरवून आल्या. मिस्त्री पोट धरधरून हसले.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, सकाळी बुटाची नाडी बांधताना मिस्त्रींचा डावा हात चालेना. तोंड वाकडं झालं. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. वेळेत आणलंत म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. अकरा दिवसांनी ते घरी आले तेव्हा जीभ सुधारली होती, पाय चालत होते, फक्त डाव्या हाताला बटण लावायला वेळ लागत होता. लेक परगावाहून येऊन पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली, "आई, बाबांना रोज गाणी लावत जा. डॉक्टर म्हणालेत, मन रमेल असं काहीतरी करा."

बाईंनी ते व्रतासारखं धरलं. शाळेतून आल्या की हातपाय धुवायच्या, मिस्त्रींना खुर्चीत बसवायच्या आणि पाच वाजता गाणं लावायच्या. कुठलं बटण कुठे, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. मिस्त्री खुर्चीच्या हातांवर हात ठेवून डोळे मिटून बसायचे. तास संपला की बाई विचारायच्या, "कसं वाटलं?"

"छान."

एवढंच म्हणायचे. पण आजारपणानंतर ते सगळंच कमी बोलत होते. बाईंना वाटायचं, आतून उतरत असेल. त्यांनाही एक नवीनच सवय लागत होती. त्या गाण्यात त्यांना आता वाटा दिसायच्या. इथून ती वळणार, आता थांबणार, आणि नेमक्या जागी ती थांबली की बाईंच्या अंगावर काटा यायचा. "अहो, हे मागच्या ओळीत वेगळं म्हणाली ना ती?" त्या विचारायच्या. मिस्त्री मान हलवायचे. चार महिने असे गेले.

मग हॉलच्या भिंतीला ओल आली म्हणून रंगारी बोलवावा लागला. स्पीकर आत हलवले गेले. रंग वाळल्यावर बाईंनी आणि मावशींनी ते पुन्हा खुणांवर आणून उभे केले आणि तारा बाईंनीच जोडल्या. मिस्त्री तेव्हा पडून होते. संध्याकाळी गाणं लावलं तर काहीतरी बिनसलं होतं. खालचा आवाज गायबच झाला होता. मधे बसणारी ती गायिका तिथे नव्हतीच. आवाज भिंतभर पसरून पातळ झाला होता. बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. आता ते डोळे उघडतील, 'कुणी हलवला' म्हणून विचारतील, अशी वाट पाहिली.

मिस्त्री तसेच बसून होते. तास संपला.

"कसं वाटलं?"

"छान."

दुसऱ्या दिवशी, मिस्त्री आंघोळीला गेले असताना, बाईंनी स्पीकरचं माहितीपुस्तक उघडून बघितलं. एका स्पीकरच्या लाल आणि काळ्या तारांची अदलाबदल झाली होती. त्यांनी ती तशीच राहू दिली. संध्याकाळी त्यांनी एक सीडी लावली आणि समोर मुद्दाम दुसऱ्याच सीडीचं कव्हर उभं करून ठेवलं.

दहा मिनिटांनी विचारलं, "हे कुठलं हो?"

मिस्त्रींनी डोळे किलकिले केले. नजर कव्हरवर गेली. "सकाळच्या रागातलं आहे ना ते. माझं आवडतं."

बाईंनी उठून आवाज बंद केला. हॉल एकदम मोठा वाटायला लागला.

"अहो. खरं सांगा. तुम्हाला काय ऐकू येतं?"

बाई त्यांच्या समोर खाली बसल्या. "मी काय म्हणतेय ते ऐकू येतंय ना?"

"तुझं सगळं ऐकू येतं. मावशींची बडबड ऐकू येते. लिफ्टचं दार अजून घासतंय, तेही ऐकू येतं."

"आणि गाणं?"

ते बराच वेळ डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने सरळ करत राहिले. मग म्हणाले, "भांडी. मोरीत कुणीतरी भांड्यांचा ढीग ओततंय आणि ओततच राहतंय, तसं. शब्द कळतात मधूनमधून. सूर कुठे गेला तो सापडत नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्याने रेडिओ लावला तेव्हाच कळलं होतं."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि चार महिने तुम्ही रोज बसलात? अहो, रोज एक तास?"

"तू इतक्या हौसेनं लावत होतीस. आणि तुला त्यातलं कळायला लागलं होतं. तीस वर्षं मी वाट बघितली त्याची. मोडायचं कसं?"

बाईंनी पदर तोंडावर धरला. त्या रडत होत्या की ओरडणं आवरत होत्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. चार महिने, रोज पाच वाजता, त्यांनी स्वतःच्या हाताने नवऱ्याला खुर्चीत बसवून त्याच्या डोक्यात भांडी आपटली होती. वर 'कसं वाटलं' म्हणून विचारलं होतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. होतं असं कधीकधी, म्हणाले. मेंदूत सूर ओळखणारी जागाच बंद पडते. कधी परत येतं, बऱ्याचदा येत नाही. गोळी नाही त्यावर. "बोलणं समजतंय ना? मग नशीब समजा." दोघेही मान डोलावून बाहेर आले. गाणं शिकवणाऱ्या एका मुलीकडे मिस्त्री काही दिवस गेले. ती पेटीवर दोन सूर वाजवायची आणि दुसरा वर गेला की खाली, ते विचारायची. मिस्त्रींची निम्मी उत्तरं बरोबर यायची.

"छापा-काटा केला तरी निम्मी बरोबर येतात," ते घरी येऊन म्हणाले आणि पुन्हा गेले नाहीत.

स्पीकर हॉलमध्ये उभेच होते. बाईंनी तारा सरळ जोडल्या, पण बटण दाबलं नाही. मग त्यांनी जुन्या चादरीची खोळ शिवून दोन्हींवर घातली. मिस्त्री सकाळी हॉलमध्ये आले आणि दारातच थबकले.

"काढ ते. घरात दोन मढी उभी केल्यासारखी वाटतात."

"मग विकून टाकू या. रोज डोळ्यांसमोर कशाला?"

"विकायचं नाही. तू ऐक."

"मी एकटी ऐकू? आणि तुम्ही?"

"मी बाहेर जाईन. मला काय पाय नाहीत?"

यावरून त्यांचं आठवडाभर वाजलं. अबोलाही झाला. लेकीने फोनवर दोघांची बाजू ऐकली आणि दोघांनाही वेड्यात काढलं. शेवटी एका रविवारी सकाळी मिस्त्रींनी एका हाताने, दहा मिनिटं खपून, बूट चढवले, पिशवी घेतली आणि म्हणाले, "फिरून येतो. तू लाव." दार ओढून घेतलं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला.

बाई बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. हट्टाने लावलं तेव्हाही मन लागेना. पण गाणं आपल्या चालीने पुढे जात होतं, आणि कधीतरी, मधल्या एका वळणावर, त्या त्याच्यामागे गेल्या. समोरच्या मोकळ्या जागेत ती गाणारी पुन्हा येऊन बसली होती. बाई नवरा विसरल्या, दवाखाना विसरल्या, बारीक गॅसवर आटवायला ठेवलेलं दूध विसरल्या. एक संपलं तेव्हा त्यांनी दुसरं लावलं. मग तिसरं. असं सुख त्यांना कितीतरी महिन्यांत, खरं म्हणजे कितीतरी वर्षांत, झालं नव्हतं.

दूध करपल्याचा वास आला तेव्हा त्या भानावर आल्या. गॅस बंद केला, घड्याळ बघितलं. दीड तास झाला होता. घाबऱ्याघुबऱ्या त्यांनी बाहेरचं दार उघडलं.

मिस्त्री जिन्याच्या पायरीवर बसले होते. शेजारी भाजीची पिशवी. कोथिंबीर मान टाकून पडली होती. दोन्ही कानांवर त्यांनी तळवे दाबून धरले होते. डावा हात नीट बसत नव्हता म्हणून मानही त्या बाजूला कलली होती.

दाराची चाहूल लागली तसे त्यांनी झटकन हात खाली घेतले.

"संपलं?"

"कधी आलात?"

"हा काय, आत्ताच."

"बेल नाही वाजवायची?"

"गाणं चालू होतं ना," मिस्त्री म्हणाले. "मधे कशी वाजवणार?"

बाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं. पायरी गार होती आणि त्यांच्या पँटला मागे धूळ लागली होती. ती त्यांनी झटकली. मघाशी आपण किती सुखात होतो, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं माणूस त्यांच्याकडे एकच होतं.

"चेहऱ्यावरून कळतंय," मिस्त्री बुटाची नाडी सोडत म्हणाले. "चांगलं झालं असणार."

पुढच्या रविवारी अकरा वाजता ते आपणहून बूट घालायला बसले. बाई नको म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बाईंनी नको म्हणणंही सोडलं. आवाज मात्र त्या आता लहान ठेवतात, जिन्यापर्यंत जाऊ नये इतपत, आणि ऐकताना त्यांचा एक कान सतत दाराकडे असतो.

मिस्त्रींना सूर पुन्हा सापडला नाही. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली.