धोंड्याच्या वाणातला चाकू

मी खिशातला चाकू बोलतोय, आणि माझ्या पात्याची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझा जन्म लढाऊ विमानाच्या पंखातून उरलेल्या पोलादातून झाला. विमानाच्या म्हणजे... बरं, एस.टी.च्या कमानपाट्यातून. तेही मी काही बघितलेलं नाही. पण पोलाद अस्सल, एवढं पक्कं.

माझ्या पोटात एक पातं, एक कात्री, एक पेचकस आणि एक चिमुकली पक्कड. मिटलो की शर्टाच्या खिशात मावतो. औंढ्याला, नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर धनसिंगचं दुकान आहे. तिथं काचेच्या पेटीत मी राहायचो. शेजारी तेरा पात्यांचा एक लालभडक चाकू होता. जो येईल तो त्यालाच हातात घ्यायचा. पोलाद जळत नाही म्हणतात. साफ खोटं. मी रोज जळायचो.

एके दिवशी साखरा गावचे तातेराव आले. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं होतं. धनसिंगनं लगेच तो लालभाई पुढं केला. "ये ले लो मामा, तेरा आयटम है इसमें."

तातेरावांनी त्याचं पातं उघडलं आणि दोन बोटांत धरून हलवलं. "काहून डुलून राहिलं हे? माझा जावई मोटारीचं वायंडिंग करतो. डुलत्या हत्याराला तो हात लावत न्हाई."

मग माझा नंबर लागला. मला उघडताना त्यांचं नख दुखलं, आणि तेच त्यांना आवडलं. पातं टक् करून बसलं. हलवलं, हललं नाही. पक्कडीनं त्यांनी तारेचा तुकडा वाकवला, मनगटावरचे चार केस भादरून बघितले आणि मला थेट खिशात टाकलं. मला तर गावंसं वाटत होतं!

घरी मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला. जावयाला सुरी देऊन नातं कापता का, म्हणाल्या. वर धोंड्याचं वाण जाळीदार पाहिजे, त्याला भोकं लागतात.

तातेरावांनी माझं किल्ल्या अडकवायचं भोक दाखवलं.

"एकच हाय. तेहतीस पायजेत."

"बाकीची बत्तीस तुझ्या अनारशाला हायत की."

मंजुळाबाई हसल्या, पण भीती खरी होती. गेल्या साली जावयानं सासऱ्याच्या विहिरीवरची मोटार दुरुस्त केली आणि तिसऱ्या दिवशी ती जळाली. तातेरावांनी गावातल्या हॉटेलात चारचौघांत सांगितलं, जावयानं मोटार जाळली. पुढं स्टार्टरमध्ये मेलेली पाल सापडली, पण तोवर बोलणं शिरड शहापूरला, जावयाच्या दुकानापर्यंत पोचलं होतं. तेव्हापासून सासरा-जावई एकमेकांशी बोलायचे ते कोमलमार्फत. कोमल म्हणजे तातेरावांची लेक. तिनं यंदा फोनवर आईला सांगून टाकलं होतं, या वेळी हे रुसून उठले तर मीबी माहेरची पायरी चढणार न्हाई.

धोंड्याचा दिवस उजाडला. मला चमकत्या कागदात गुंडाळलं. आत नुसता अंधार. जेवणं झाली. मंजुळाबाईंनी अनारशाचं ताट आणि दिवा जावयाच्या हातात दिला. मग तातेराव उठले.

आता आपल्याकडं धारेची वस्तू कुणी हातात देत नाही, भांडण लागतं. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. तातेरावांनी रीत बराबर पाळली. मला जावयाच्या पाटासमोर जमिनीवर ठेवलं. पण कागदात काय आहे, हे जावयाला कुठं माहीत?

मग जावई हळूच म्हणाले, "कोमल, तुझ्या वडलाला सांग, कुत्र्यापुढं भाकर टाकल्यासारखं वाण मी घेत नसतो."

पाट सरकला. कोमलच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मी आतून ओरडत होतो, अहो, मी चाकू आहे, चाकू!

तेव्हा तातेराव बोलले. "जावईबापू, मोटार तुमी जाळली न्हाई. माझ्या जिभेनं तुमचं नाव जाळलं. ह्या हातावर माझा भरवसा हाय, म्हणून त्याच्या कामाची वस्तू आणली."

जावई वाकले. मला उचललं, कागद फाडला, पातं उघडून दोन बोटांत हलवलं, अगदी सासऱ्यासारखंच. "बराबर हाय," म्हणाले, आणि परत पाटावर बसले. त्या वर्षातलं पहिलं हसू मी माझ्या पात्यात बघितलं. कोमलचं होतं.

आज मी त्यांच्या खिशात असतो. दिवसभर तारा सोलतो, सुट्टीला आंबे कापतो. मागच्या महिन्यात एक बिबट्या पळवून लावला. तुम्हाला एकच विनवणी, कुणाला चाकू देणार असाल तर आधी उघडून हलवून बघा. आणि कृपा करून कागदात गुंडाळू नका.

आता कबुली देतो. बिबट्या खोटा, ते तुम्ही ओळखलंच असेल. पण तातेरावांचं ते भाषणही मीच रचलं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "धार हाय त्याला. बोटं जपा, जावईबापू."

मला ते फार थोडं वाटलं, म्हणून मी वाढवलं. जावयाला मात्र तेवढं पुरलं होतं.